त्रिनिदाद कसे पाहावे : घड्याळ, भरती-ओहोटी आणि पंचांग हाताशी ठेवून

कॅरिबियन बेटावर ज्यांना केवळ पांढरी वाळू आणि निळेशार पाणी हवे असते, त्यांनी खरे तर त्रिनिदादला जाऊ नये. त्यासाठी शेजारचे टोबॅगो अधिक योग्य आहे. त्रिनिदाद हा दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून सुटलेला तुकडा आहे. सर्वांत जवळच्या ठिकाणी व्हेनेझुएलाचा किनारा येथून जेमतेम ११ किलोमीटरवर येतो आणि बेटाच्या उत्तरेकडील डोंगररांग ही त्या देशातील किनारी पर्वतांचीच पुढे आलेली शाखा आहे. त्यामुळे गोव्याच्या सव्वापटीहून किंचित मोठ्या असलेल्या या बेटावर चारशेहून अधिक जातींचे पक्षी, माकडे, मुंगीखाऊ आणि बोआ जातीचे साप असा एका खंडाचा ऐवज एकवटलेला आहे. माणसांच्या बाबतीतही तसेच झाले आहे. मूळ रहिवासी, स्पॅनिश राज्यकर्ते, फ्रेंच मळेवाले, गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन, १८४५ नंतर करारावर आलेले भारतीय मजूर, चिनी आणि सीरिया-लेबनॉनकडचे व्यापारी असे थरावर थर येथे साचले आहेत.

या बेटाची एक खोड जाणाऱ्याने आधीच ओळखून घ्यावी. येथील बहुतेक ठिकाणे ठरावीक वेळीच आपले खरे रूप दाखवतात. भर दुपारी कारोनीच्या खारफुटीत गेलात तर गढूळ पाण्यापलीकडे फारसे काही दिसत नाही, मटुराचा किनारा दिवसा नुसती ओसाड वाळू असतो, समुद्रातले देऊळ ओहोटीच्या वेळी चिखलात उभे असते आणि तेलाच्या पिंपांपासून घडवलेले स्टीलपॅन हे वाद्य वाजवणाऱ्यांचे अंगण कार्निव्हल सरल्यावर सुने पडते. म्हणून येथे ठिकाणांची यादी करून एकेक खोडत जाण्याऐवजी प्रत्येक ठिकाणाची वेळ आधी लिहून काढावी आणि मग दिवस बसवावेत.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

पहिले काम पीतज्वराच्या लशीचे आहे. ज्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांकडून भारत सरकार पीतज्वराच्या लसीकरणाचे प्रमाणपत्र मागते, त्यांच्या यादीत त्रिनिदादचा समावेश आहे. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंतच्या विलगीकरणात जावे लागू शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, घेतल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते आणि ते आयुष्यभर चालते. साठीपुढच्या व्यक्तींनी आणि दीर्घ आजार असलेल्यांनी ती घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडील प्रवासी व्हिसाची चौकशी चारदा करतात आणि हे पिवळे कार्ड मात्र विसरतात, म्हणून ही गोष्ट सर्वांत आधी सांगितली.

व्हिसाविषयी सांगायचे तर भारतीय पारपत्रधारकांना अल्पकाळाच्या पर्यटनासाठी तो आधी काढावा लागत नाही, असा नियम आहे. तरीही नियम बदलत असल्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी तो एकदा पडताळून घ्यावा. खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचे तर केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे जाताना उतरण्याचा आणि पुढे निघण्याचा विमानतळ वेगळा असेल तर ब्रिटनमध्ये प्रवेशाची परवानगी लागते. स्वस्त तिकिटाच्या मोहात हे तपासायचे राहते.

बॅगेत लष्करी छापाचा, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा कोणताही कपडा ठेवू नये; सामान्य नागरिकांनी तो वापरणे तेथे कायद्याने निषिद्ध आहे आणि मुलांच्या टोप्यांनाही हा नियम लागू होतो. विजेचा दाब ११५ व्होल्ट असून प्लग अमेरिकी पद्धतीचे, चपट्या पिनांचे असतात. वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे आहे. चलन त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर आहे आणि अधिकृत दराने एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात मिळतात.

कोणता महिना निवडावा

जानेवारी ते मे हा कोरडा काळ आणि जून ते डिसेंबर हा पावसाळा, अशी ढोबळ विभागणी आहे. चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेस असल्यामुळे त्रिनिदादला त्यांचा तडाखा क्वचितच बसतो. मात्र महिना हवामानावर न ठरवता काय पाहायचे आहे यावर ठरवावा. कार्निव्हल हवा असेल तर तो ईस्टरच्या उपवासकाळाला प्रारंभ करणाऱ्या राखेच्या बुधवारच्या आदल्या सोमवारी आणि मंगळवारी येतो, म्हणजे फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी. कासवे पाहायची असतील तर मार्च ते ऑगस्ट हा काळ आहे. दिवाळी आपल्याच पंचांगाने येते आणि १९६६ पासून त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुटी असते. एकाच खेपेत जास्तीत जास्त पदरात पाडून घ्यायचे असेल तर माझ्या मते मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिल सर्वांत चांगला. कासवे आलेली असतात, रस्ते कोरडे असतात, फगवा म्हणजे होळीही बहुधा याच सुमारास येते आणि कार्निव्हलची महागाई ओसरलेली असते.

हिंडण्याची सोय

अंतरे लहान असली तरी त्यांवर विसंबू नये. पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीला सकाळी येणाऱ्या आणि संध्याकाळी तेथून निघणाऱ्या महामार्गांवर वाहनांच्या रांगा लागतात, आणि उत्तरेकडील डोंगरी रस्ते आपल्या घाटांसारखेच वळणावळणाचे आहेत. वाहने डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे भारतीय चालकाला फारसे अवघड जात नाही. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र जवळ असावा. सार्वजनिक प्रवासासाठी ‘मॅक्सी टॅक्सी’ नावाच्या छोट्या बसगाड्या असतात आणि त्यांच्या अंगावरील रंगीत पट्ट्यावरून मार्ग कळतो. राजधानीच्या पश्चिमेकडे पिवळा, पूर्वेकडे लाल आणि मध्य व दक्षिण भागाकडे हिरवा पट्टा असतो. अधिकृत भाड्याच्या मोटारीचा क्रमांक ‘एच’ या अक्षराने सुरू होतो. खासगी क्रमांकाच्या मोटारीही भाडे घेतात, पण नवख्याने त्यांत बसू नये.

गाडीत किंवा दुकानात शिरताना ‘गुड मॉर्निंग’, ‘गुड आफ्टरनून’ असे मोठ्याने म्हणण्याची रीत आहे, आणि अंधार पडल्यावर ‘गुड नाइट’ हा निरोप नसून भेटीचे अभिवादन असते. ते न म्हणता थेट भाव विचारणारा माणूस उद्धट ठरतो. गुन्हेगारीचा प्रश्न खरा आहे. रात्री राजधानीत पायी भटकू नये, अनोळखी वस्तीत एकट्याने शिरू नये आणि निघण्यापूर्वी सरकारी सूचना वाचाव्यात. त्यासाठी बेटच टाळावे असे मात्र मला वाटत नाही.

सकाळ : न्याहारी, डोंगर आणि डांबर

दिवसाची सुरुवात रस्त्यावरच्या ‘डबल्स’ने करावी. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ, तळलेल्या ‘बारां’मध्ये हरभऱ्याची उसळ, वर चिंचेची आणि काकडीची चटणी, आणि कैरीचा ‘कुचला’. हा पदार्थ १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउन या दक्षिणेकडील गावात जन्माला आला आणि आज तो साऱ्या देशाची न्याहारी आहे. विक्रेता तिखट किती हे विचारतो. आपण कोल्हापूरकडचे असलो तरी पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ एवढेच म्हणावे, कारण तेथील स्कॉच बॉनेट मिरचीचा जाळ आपल्या लवंगीपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. डबल्ससाठी क्यूरेपचा नाका प्रसिद्ध आहे, तर दक्षिणेत डेबे येथे रस्त्याकडेला फुलौरी आणि साहिना मिळतात. साहिना अळूसारख्या पानांना डाळीचे पीठ लावून तळतात, आणि पहिला घास घेताच मराठी माणसाला अळूवडी आठवल्यावाचून राहत नाही. शाकाहारी प्रवाशाने रोटीच्या दुकानात जावे. भरडलेल्या डाळीचे सारण भरलेली ‘धालपुरी’ आणि तिच्यासोबत भोपळा, चवळीच्या शेंगा, चणा-बटाटा किंवा पालेभाजी असे पोटभर जेवण तेथे मिळते.

पक्ष्यांसाठी सूर्योदयाच्या सुमारास उत्तरेच्या डोंगरात असावे. अरिमा खोऱ्यातील आसा राइट निसर्ग केंद्र १९६७ मध्ये एका जुन्या कॉफी-कोकोच्या मळ्यावर स्थापन झाले. त्याच्या व्हरांड्यात बसल्या जागी गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) हाताच्या अंतरावर येतात, आणि त्याच जागेतील घळीत ‘ऑइलबर्ड’ नावाचे निशाचर पक्षी राहतात. ते फळे खातात आणि अंधारात वटवाघळांसारखे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. केंद्र मधल्या काळात बंद होते, त्यामुळे जाण्याचा दिवस आधी कळवून निश्चित करूनच निघावे. तेवढे जमले नाही तर सेंट ऑगस्टीनच्या वरच्या अंगाला, माउंट सेंट बेनेडिक्टच्या मठाभोवतीचे रानही सकाळी चांगले असते.

नैर्ऋत्येकडील ला ब्रेया येथील डांबराचे सरोवरही सकाळीच पाहावे, कारण उन्ह चढले की काळा पृष्ठभाग तापतो आणि पावले रुतू लागतात. सुमारे १०० एकरांवर पसरलेला आणि मध्यभागी अंदाजे ७५ मीटर खोल असलेला नैसर्गिक डांबराचा हा साठा जगातील सर्वांत मोठा मानला जातो. जमिनीखालचे खनिज तेल भेगांतून वर येते, त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेले जड डांबर माती व पाण्यात मिसळून येथे साचते. १५९५ मध्ये वॉल्टर रॅली या इंग्रज दर्यावर्द्याने आपल्या जहाजांच्या फटी याच डांबराने बुजवल्या, आणि १८७६ मध्ये वॉशिंग्टनमधील पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू या रस्त्यावर येथलेच डांबर पडले. प्रथमदर्शनी हे ठिकाण पावसाळ्यानंतर दुरुस्तीला काढलेल्या वाहनतळासारखे दिसते, हे मान्य करायला हवे. वाटाड्या सोबत असेल तरच ते उलगडते. तो कडक कातडीवरून नेतो, काठीने मऊ भागातून डांबराची तार ओढून दाखवतो, गंधकयुक्त पाण्याची डबकी दाखवतो आणि गुंजन पक्षी मारून खाल्ल्यामुळे देवांनी अख्खे गाव येथे गिळले, ही मूळ रहिवाशांची कथाही सांगतो. वाटाड्या प्रवेशद्वारावरील अधिकृत कचेरीतूनच घ्यावा. रस्त्यात गाडी अडवणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा. सपाट तळव्याचे जुने बूट घालावेत.

दुपार : माराकसचा किनारा

दुपार समुद्राला द्यावी. राजधानीपासून माराकसकडे जाणारा उत्तर किनारी रस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने बांधला. वाटेतील टेहळणीच्या जागी थांबून अननसाचा किंवा कैरीचा ‘चाव’ घ्यावा, म्हणजे मीठ, मिरची आणि कोथिंबिरीच्या वासाची ‘शॅडो बेनी’ची पाने लावलेल्या फोडी. किनाऱ्यावर ‘बेक अँड शार्क’ हा तळलेल्या पोळीतला मासा सारे जण खातात; शार्कची संख्या घटत असल्यामुळे त्याऐवजी सुरमईच्या जातीचा किंगफिश मागणे अधिक बरे, आणि चवीत काही उणे होत नाही. लाटा जोरदार असतात, म्हणून जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मर्यादेतच पोहावे. परतताना सांताक्रूझच्या खोऱ्यातून यावे. ब्रायन लारा याच खोऱ्यातला आहे.

सूर्यास्त : कारोनीचे लाल शराटी

दुपारी चारच्या सुमारास कारोनीच्या कालव्यावरून सपाट तळाच्या होड्या निघतात. जागा आदल्या दिवशी राखून ठेवावी आणि होडी सुटण्यापूर्वी अर्धा तास पोहोचावे, कारण सूर्य कोणासाठी थांबत नाही आणि होडीवालाही. खारफुटीच्या मुळ्यांमधून जाताना नावाडी फांद्यांवर वेटोळे घालून झोपलेले साप, बोराएवढे खेकडे आणि पाण्याच्या पातळीवर डोळे ठेवून एकाच वेळी वर-खाली पाहणारा चार डोळ्यांचा मासा दाखवतो. मग होडी मोकळ्या खाडीत येऊन एका हिरव्या बेटासमोर थांबते आणि सारे गप्प बसतात.

स्कार्लेट आयबिस हा आपल्याकडच्या शराटीचा भाऊबंद, पण पंखांची काळी टोके सोडली तर सारा शेंदरी. हा रंग खाण्यातून येतो. कोळंबी आणि खेकड्यांतील कॅरोटिनॉइड द्रव्ये पिसांत उतरतात, म्हणून पिले करड्या-तपकिरी रंगाची असतात आणि खात-खात लाल होत जातात. दिवसभर चिखलात चरलेले थवे सूर्यास्ताच्या आधी अर्ध्या-पाऊण तासात परत येतात आणि समोरचे झाड पाहता पाहता फुलल्यासारखे होते. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी असून त्याची शिकार करणाऱ्याला जबर दंड आणि कैद आहे. होडी लांबच थांबते; जवळ नेण्याचा आग्रह धरू नये, त्याऐवजी दुर्बीण न्यावी. लाल, नारिंगी कपडे घालू नयेत आणि डासांसाठी मलम लावावे.

रात्र : कासवांची आई

मटुरा आणि ग्रांद रिव्हिएर या ईशान्येकडील किनाऱ्यांवर मार्च ते ऑगस्ट या काळात रात्री लेदरबॅक कासवे अंडी घालण्यासाठी वर येतात. हे जगातील सर्वांत मोठे कासव. त्याची लांबी दोन मीटरच्या घरात जाते, वजन कित्येकशे किलो भरते आणि पाठीवर कवचाऐवजी चामड्यासारखी, उभ्या कंगोऱ्यांची त्वचा असते. कोकणात वेळासला ज्यांनी ऑलिव्ह रिडलेची पिले समुद्राकडे धावताना पाहिली आहेत, त्यांनाही हा आकार पाहून आपण एखाद्या प्राचीन काळात आलो आहोत असे वाटते.

हंगामात या किनाऱ्यांवर जाण्यासाठी वन विभागाचा परवाना लागतो आणि स्थानिक वाटाड्या सोबत असावा लागतो. मटुरा येथे ‘नेचर सीकर्स’ ही गावकऱ्यांची संस्था १९९० पासून हे काम करते. पूर्वी मांसासाठी कासवे मारली जात, त्याच किनाऱ्यावर आता गावातली माणसे रात्र जागून गस्त घालतात आणि कासवांना खुणेच्या पट्ट्या लावतात. मादी वाळूत वर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते आणि अंडी घालू लागली की तिला भोवतालची शुद्ध राहत नाही. वाटाड्या याच टप्प्यावर जवळ बोलावतो. तोपर्यंत लांब, अंधारात आणि न बोलता बसावे. कॅमेऱ्याचा लखलखाट आणि भ्रमणध्वनीचा उजेड पूर्णपणे निषिद्ध आहे, केवळ वाटाड्याचा लाल दिवा चालतो. राजधानीपासून ग्रांद रिव्हिएर अडीच-तीन तासांवर आहे, म्हणून रात्रीचा मुक्काम तेथेच करावा. पहाटे उठलात तर उजेडी उशिरा परतणारे एखादे कासव वाळूवर चाकोरीसारखा माग सोडत समुद्रात शिरताना दिसते.

वॉटर्लूचे देऊळ आणि आपल्यासारखे दिसणारे लोक

३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून दोनशेहून अधिक भारतीयांना घेऊन पॅरियाच्या आखातात पोहोचले. गुलामगिरी बंद झाल्यानंतर ऊसमळ्यांना हात हवे होते, आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसे येथे आली. बहुतेक जण आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातील भोजपुरी-अवधी भागातले, काही मद्रासकडले. आज देशाच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक एक तृतीयांशाहून थोडे अधिक आहेत आणि आफ्रिकी वंशाचे जवळपास तितकेच.

ओळखीच्या नावांच्या पाट्या आणि रस्त्याकडेचे झेंडे पाहून येथे ‘आपलाच देश’ असल्याचा भास होतो. त्याला बळी पडू नये. ही माणसे पाच-सहा पिढ्यांची त्रिनिदादी आहेत आणि त्यांची बोली इंग्रजी क्रिओल आहे. त्यांच्या हिंदीची परीक्षा घेणे, त्यांची जात विचारणे किंवा ‘आपले लोक आणि ते लोक’ अशी भाषा करणे हा असभ्यपणा होईल. मात्र कान उघडे ठेवावेत. वडिलांच्या आईवडिलांना येथे ‘आजा’ आणि ‘आजी’ म्हणतात. हे शब्द भोजपुरीतून आले असले तरी मराठी कानाला ते क्षणभर घरी नेतात.

मध्य त्रिनिदादच्या किनाऱ्यावर, वॉटर्लू येथे, समुद्रातले देऊळ आहे. शिवदास साधू या ऊसमळ्यातील मजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले. १९५२ मध्ये ते पाडण्यात आले आणि त्याला १४ दिवसांची कैद आणि ५०० डॉलर दंड झाला. सुटल्यावर त्याने कोणाच्याही सातबाऱ्यावर नसलेली जागा शोधली, ती म्हणजे समुद्र. सायकलीवरून दगड, सिमेंट आणि माती वाहून नेत त्याने एकट्याने वर्षानुवर्षे भराव घातला आणि त्यावर देऊळ उभे केले. लाटांनी खचलेल्या त्या वास्तूची पुनर्बांधणी १९९५ मध्ये, भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षे झाली तेव्हा, करण्यात आली. भरतीची वेळ पाहून जावे, म्हणजे देऊळ खरोखर पाण्यात दिसते. पक्षी पाहणाऱ्याने मात्र ओहोटीच निवडावी. बाजूलाच उघडी स्मशानभूमी आहे. अंत्यसंस्कार चालू असतील तर छायाचित्रे घेऊ नयेत. जवळच इंडियन कॅरिबियन म्युझियममध्ये मजुरांची भांडी, वाद्ये आणि कागदपत्रे आहेत.

तेथून काही मिनिटांवर कारापिचायमा येथे दत्तात्रेय मंदिर आहे आणि त्याच्या आवारात ८५ फुटांची हनुमानाची मूर्ती. मंदिर म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतले आणि घडणीने दाक्षिणात्य आहे. वाडी-गाणगापूरच्या वाऱ्या केलेल्या घरातील माणसाला अटलांटिकच्या पलीकडे दत्तगुरू भेटावेत, याचे मला अजूनही नवल वाटते.

सणांपैकी दोन आवर्जून पाहावेत. दिवाळीच्या आधी चाग्वानास येथे ‘दिवाळी नगर’ भरते, आणि ते १९८६ पासून चालू आहे. दुसरा ‘होसे’, म्हणजे मोहरम. सेंट जेम्स या राजधानीच्या भागात बांबू आणि रंगीत कागदांचे ताजिये निघतात, हसन-हुसेन यांची प्रतीके असलेले हिरवे आणि लाल चंद्र खांद्यावर नाचवले जातात आणि ताशांचा कडकडाट मध्यरात्रीपर्यंत चालतो. ताशा वाजवणाऱ्यांत हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे लोकही असतात. आपल्या गावोगावच्या ताबूतांची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. दक्षिणेत सिपारिया येथील चर्चमधील सावळ्या वर्णाची मेरी हिंदूंची ‘सिपारी माई’ आहे आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिच्यापुढे हिंदू भाविकांची रांग लागते. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहणाऱ्या गोमंतकीयांना यात काहीच नवीन वाटणार नाही.

पॅनयार्डातील संध्याकाळ

कार्निव्हलचे दोन दिवस साऱ्या जगाला ठाऊक आहेत, पण खरे ऐकायचे असेल तर त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राहावे. फ्रेंच मळेवाल्यांच्या मुखवट्यांच्या मेजवान्या आणि मुक्त झालेल्या गुलामांच्या मशालींच्या मिरवणुका यांतून हा उत्सव घडला. १८८१ मध्ये पोलीस आणि मिरवणूकवाले यांच्यात दंगल झाली आणि त्यानंतर सरकारने कातडी ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे, कचऱ्याची पिंपे आणि १९४० च्या दशकात तेलाची रिकामी पिंपे हाती आली. पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून खोलगट करतात, त्यावर स्वरांचे उंचवटे आखतात, आगीवर तापवतात आणि मग एकेक स्वर ठोकून लावतात. उंच स्वरांच्या टेनर पॅनवर शेजारशेजारचे स्वर षड्ज-पंचम नात्याने मांडलेले असतात, हे पाहून आपल्याकडील गाणारा माणूस तेथून लवकर हलत नाही. १९९२ मध्ये पॅनला राष्ट्रीय वाद्याचा दर्जा मिळाला.

डेस्परॅडोज, रेनेगेड्स, ऑल स्टार्स अशा वाद्यवृंदांची आपापली अंगणे आहेत. त्यांना पॅनयार्ड म्हणतात. पॅनोरामा या वाद्यवृंदांच्या स्पर्धेच्या आधी रोज रात्री तेथे सराव चालतो आणि कोणीही जाऊन ऐकू शकतो. खाद्यपदार्थ तेथेच विकत घ्यावेत, वादकांच्या रांगांमधून चालू नये आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेवावी. सरावात एकच चार ओळींचा तुकडा वीस वेळा वाजतो. ज्याला कंटाळा येईल त्याने अंतिम फेरीचे तिकीट काढावे, पण मला तो विसावा फेराच अधिक आवडतो. अंगणाबाहेर टोळक्याने उभे राहून चाललेल्या गप्पांना ‘लाइमिंग’ म्हणतात. आपल्या कट्ट्यासारखाच हा प्रकार असून त्यात सामील व्हायला निमंत्रण लागत नाही.

सवाना आणि ओव्हल

राजधानीतील क्वीन्स पार्क सवाना हे विस्तीर्ण मैदान संध्याकाळी पायी पाहावे. त्याच्या पश्चिम कडेला विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सात इमारती ओळीने उभ्या आहेत. त्यांपैकी घड्याळाच्या मनोऱ्याच्या क्वीन्स रॉयल कॉलेजात नोबेलविजेते व्ही. एस. नायपॉल शिकले. शहाळेवाल्याकडे नारळपाणी पिऊन क्वीन्स पार्क ओव्हलकडे वळावे. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने याच मैदानावर वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा केल्या आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७. त्याच मालिकेच्या अखेरच्या सामन्यात गावसकरांनी येथेच १२४ आणि २२० धावा काढल्या, आणि कॅलिप्सो हा तेथील गीतप्रकार गाणाऱ्या त्रिनिदादच्या एका गायकाने त्यांच्यावर गाणे रचले. सामना नसेल तेव्हा फाटकावरच्या माणसाला ‘गुड आफ्टरनून’ म्हणून गावसकरांचे नाव घ्यावे. साठीच्या पुढचा कोणी असेल तर तो मग आपल्याआधी बोलू लागतो.

दोन दिवस हाताशी असतील तर टोबॅगोला जावे. विमानाने अर्धा तासही लागत नाही आणि जलद फेरीबोटीने साधारण तीन तास लागतात. तेथील मेन रिज हे अरण्य १७७६ मध्ये कायद्याने राखीव झाले, आणि केवळ पाऊस टिकावा म्हणून राखलेले ते पश्चिम गोलार्धातील सर्वांत जुने रान समजले जाते.

नेल्सन बेट शेवटी

पॅरियाच्या आखातातील नेल्सन हे छोटे बेट बहुतेक मार्गदर्शक पहिल्या दिवशी दाखवतात. माझा सल्ला उलट आहे. १८६६ पासून भारतातून आलेल्या मजुरांना याच बेटावर उतरवून तपासले जाई आणि मग मळ्यांवर वाटून दिले जाई. पुढे दुसऱ्या महायुद्धात कामगारनेते उराया बटलर यांना आणि १९७० मध्ये ब्लॅक पॉवर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीच्या पुढाऱ्यांनाही येथेच डांबले होते. डबल्स खाल्ल्यावर, ताशा ऐकल्यावर आणि वॉटर्लूचा भराव पाहिल्यावर येथील रिकाम्या बराकी वेगळ्या दिसतात. नॅशनल ट्रस्टच्या सहली ठरावीक दिवशीच निघतात, म्हणून बेटावर पोहोचताच पहिल्या दिवशी नाव नोंदवून तारीख मुक्कामाच्या शेवटाकडची घ्यावी. तेथे सावली कमी आहे आणि खाण्याचे दुकान नाही. टोपी आणि पाणी सोबत न्यावे, आणि समुद्र खवळलेला असेल तर धक्क्यावर उतरताना हात धरणाऱ्या नावाड्याचे ऐकावे.